गावातून काम: कंपनी म्हणते परत या, नाहीतर कंत्राटावर या. काय करावं?

कपाशीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो. टेस्टिंग, त्यातही ऑटोमेशन. घेतलं तेच घरून काम म्हणून, त्यामुळे ऑफिसची पायरी आजवर तीनदा चढलो, त्यातली एक वेळ लॅपटॉप बदलायला. मागच्या आठवड्यात मेल आली: एप्रिलपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिस. ज्यांना जमत नाही त्यांनी राजीनामा द्यायचा आणि त्याच कामाचं वर्षभराचं कंत्राट घ्यायचं. कंत्राटात महिन्याला आजच्यापेक्षा थोडे जास्तच हातात पडतील, असं एचआरवाली बाई म्हणते.

घरी सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. बाबा साठीच्या पुढं. आईच्या एका टोंगळ्याचं (गुडघ्याचं) ऑपरेशन डिसेंबरात झालं. पुण्यात खोली, मेस, येणंजाणं धरलं तर वीस-बावीस हजार उडतात, इथं तेवढ्यात अख्खं घर चालते. आणि खरं सांगू का, मला इथं राहायला आवडते. पण माझ्यासोबत लागलेले दोघं पुण्यात बसतात आणि दोघंही टीम लीड झाले. मी आहे तिथंच आहे.

ज्यांनी तीन-चार वर्षं गावातून काढली त्यांनी सांगावं. टिकते का हे? "गावाची शुद्ध हवा" वगैरे नको. फवारणीच्या दिवसांत ती किती शुद्ध असते ते मला माहीत आहे.

तर्रीपोहे

पहिला नंबर माझा. उत्तर देण्याआधी एक सांगा, लाइन आहे का सध्या? नाहीतर आम्ही लिहायचं आणि तुम्ही वाचायचं परवा.

कपाशीवाला

नाही. इन्व्हर्टरवर आहे. लवकर लिहा.

संत्रा_बागाईत

मी वरुडकडचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या आठवडाभर आधी पंधरा दिवसांचे कपडे घेऊन गावी आलो, तो अजून इथंच आहे. पदोन्नतीचं दुसरे सांगतील, मी लाइन आणि नेटचं सांगतो, कारण त्यात मी पीएचडी केली आहे.

आधी तुमचं घर कोणत्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनहून येणाऱ्या कोणत्या विजेच्या लाइनवर आहे ते पाहा. गावठाणाचा फीडर वेगळा असतो, शेतीपंपांचा वेगळा. माझं घर मळ्यात, म्हणजे शेतीच्या फीडरवर. तिथं थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. पहिले आठ महिने मी ओलिताचं वेळापत्रक पाहून मीटिंगा लावत होतो. शेवटी गावात काकूचं जुनं घर होतं, त्यातली एक खोली झाडून टेबल तिकडं नेलं. निम्मा त्रास त्याच दिवशी संपला.

दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी घ्या. लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा एवढंच चालवलं तर सात-आठ तास ओढते. त्यावर कोणी टीव्ही लावला तर पाप त्याच्या माथी. राउटरला बारा व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस लावा, म्हणजे इन्व्हर्टर बदली होताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात मीटिंग तुटत नाही.

नेट: भारतनेट, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची तार नेण्याची सरकारी योजना, २०११ ची. तार पंचायतीपर्यंत आली म्हणून तुमच्या घरात आली असं होत नाही. पुढचा तुकडा स्थानिक पोरगा ओढतो, आणि राउटरवर लाल लाइट लागला की तोच माणूस पोलवर चढतो. कंपनी कोणती याला महत्त्व नाही, तो पोरगा फोन उचलतो का याला आहे. मी दिवाळीला बॉसच्या आधी त्याला मिठाई देतो. नालीसाठी जेसीबी आला की आधी त्याच्या ड्रायव्हरला चहा पाजायचा आणि केबल कुठून गेली ते दाखवायचं. जोडीला दोन कंपन्यांची सिमं ठेवा, पण दोन्हींचं एकच टॉवर नाही ना, हे बघून घ्या. लाइन जास्त वेळ गेली की टॉवरची बॅटरीही बसते, मग दोन्ही सिमं एकदमच गप्प.

मे महिन्याबद्दल काय लिहू? पारा ४५ च्या वर, कूलरला पाणी नाही, आणि लॅपटॉपचा पंखा थ्रेशरसारखा वाजतो.

जुनी_पुणेकर

मी जरा विरोधी सूर लावते. माझ्या टीममध्ये चौदा जण आहेत, त्यातले पाच गावाकडून काम करतात. ते काम कमी करतात असं मला कधीच दिसलं नाही. एक जण तर पहाटे साडेपाचला कोड टाकून गोठ्यात जातो.

पण लीड कोणाला करायचं हे मीटिंगमध्ये ठरत नाही, तिथं फक्त जाहीर होतं. ठरतं जेवणाच्या टेबलावर, टपरीवर, लिफ्टची वाट बघताना. तिथं जी नावं आठवतात ती डोळ्यांसमोरची असतात. हे बरोबर नाही, पण असंच आहे, आणि मीही ते केलं आहे. दुसरं म्हणजे अडचण आली की गावाकडची मुलं गप्प बसतात. दोन दिवस अडलेलं काम मला तिसऱ्या दिवशी कळतं. विचारलं तर म्हणतात, "मॅडम, तुम्हाला कशाला त्रास." अरे, त्याचाच पगार मिळतो मला.

कपाशीवाला, तुम्ही इतक्या वर्षांत "मला लीड व्हायचं आहे" असं स्वच्छ शब्दांत कोणाला सांगितलंत का?

कपाशीवाला

नाही. वाटलं काम पाहून देतील.

वऱ्हाडी_बग

भाऊ, काम पाहून कोनी देत नाही. माह्या बाबाच्या बैलानं बारा वर्ष नांगर ओढला, त्याले पोळ्याच्या दिवशी एक पुरनाची पोई भेटे. तेही वर्षातून एक्काच दिवशी. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा जू.

संत्रा_बागाईत

बग भाऊ 😂 पोळ्यावरून आठवलं. आमच्या बंगळुरूच्या सुट्ट्यांच्या यादीत पोळा नाही. मॅनेजरला समजावून सांगितलं की हा बैलांचा सण आहे, बैल सजवून गावातून नेतात. त्याला फार आवडलं, लगेच सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी पोरीसाठी तान्ह्या पोळ्याची मागितली. तो म्हणाला, काल झाला ना? म्हटलं, काल खरे बैल होते, आज लाकडाचे आहेत. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, अर्धा दिवस घे.

उंबरठा

इतका वेळ वाचत होते. माझं माहेर नागपूर, सासर मंगरूळपीर तालुक्यात. सपोर्टचं काम, इंग्लंडचे ग्राहक, त्यामुळे दुपारपासून रात्री साडेदहापर्यंत.

भाऊ लोकहो, तुमच्यासाठी गावातून काम म्हणजे पुण्याचं भाडं वाचणं. माझ्यासाठी ते नसतं तर नोकरीच नसती. हा फरक आधी लक्षात घ्या.

आता उरलेलं. घरात लॅपटॉप उघडून बसलेला मुलगा कामात असतो. लॅपटॉप उघडून बसलेली सून नुसती बसलेली असते. पहिल्या हिवाळ्यात सासूबाई तुरीच्या शेंगांची टोपली आणून माझ्या पायाशी ठेवायच्या. "तशी तं बसलीच आहेस बाई, तेवढ्या सोलून काढ." मी सोलल्या. कॅमेरा बंद, माईक बंद, एका कानात मँचेस्टरचा चिडलेला माणूस आणि हातात शेंगा. वाईट म्हणजे कामात काही चूकही झाली नाही, त्यामुळे तक्रार कशाच्या जोरावर करणार?

मग दिरानं एक युक्ती काढली. दाराबाहेर लाल झिरोचा बल्ब लावला आणि बटण माझ्या टेबलाशी. बल्ब लागला म्हणजे मी फोनवर. आणि गंमत म्हणजे त्या बल्बची सगळ्यात कडक राखण सासूबाईच करतात. शेजारची आली तर ओट्यावरूनच, "हळू बोल, लाल लागला." लाइन गेली की मात्र बल्ब विझतो आणि पोरं समजतात सुट्टी झाली, धाडकन आत येतात.

त्यांना आता माझ्या कामाचं महत्त्व पटलं, असं मी म्हणणार नाही. बल्बाचं पटलं आहे. मला चालतं.

कपाशीवाला, एक खोचक प्रश्न. रागावू नका. दुपारचा चहा तुम्हाला टेबलावर कोण आणून देतं?

कपाशीवाला

आई. ऑपरेशननंतर दीड महिना मी केला, आता पुन्हा आई. लिहिताना लाज वाटून राहिली.

भैताड_नंबर_१

ताईंनी विषय गंभीर केला, मी जरा खाली आणतो. लग्न झालं आहे का भाऊ तुमचं? नसेल तर खरी अडचण तिथं आहे.

माझ्या वेळी पोरीच्या वडलांनी विचारलं, मुलगा काय करतो? मामा म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये आहे. कोठी? घरीच. झालं! दोन ठिकाणी "घरीच असतो" एवढ्यावर चहाच्या आधीच बैठक उठली. पगाराची स्लिप दाखवली तर एक काका म्हणाले, कागद काय, कोणीही छापते. शेवटी मामांच्या सल्ल्यानं दिग्रसला बस स्टँडमागं एक गाळा भाड्यानं घेतला, अडीच हजार महिना. काचेचं दार, टेबल, फिरती खुर्ची. तिसऱ्याच स्थळाला होकार आला. लग्नानंतर चौथ्या महिन्यात गाळा सोडला. खुर्ची घरी आणली, आता तिच्यात सासरे येऊन बसतात.

तर्रीपोहे

गावात लॅपटॉप असलेला माणूस म्हणजे फुकटचं सेतू केंद्र. २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा निघाला तेव्हा रांग माझ्या अंगणात. जुलै २०२४ मध्ये लाडक्या बहिणी आल्या, आणि माझ्याच गावात मला एवढ्या बहिणी आहेत हे मला तेव्हा कळलं. मधूनमधून ई-पीक पाहणी असतेच, "भाऊ, फोटो अपलोड होऊन नाही राहिला."

एकदा सकाळच्या स्टँडअपमध्ये (टीमची रोजची छोटी मीटिंग) मी बोलतोय आणि खिडकीतून आवाज: "आला आला! घ्या लिहून, चार, सात, दोन…" अख्ख्या टीमनं ओटीपी ऐकला. मॅनेजरनं चॅटवर टाकलं, कृपया ओटीपी कोणालाही सांगू नये.

नाही म्हणता येत नाही हो. ज्यांच्या ट्रॅक्टरनं आपलं रान नांगरून होतं त्यांना काय सांगणार, की माझा स्प्रिंट चालू आहे?

जागलकरी

मी राळेगावकडचा. तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या एका स्टार्टअपसाठी काम केलं. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागं गेलं की साडेदहा. नेमका तेव्हाच इकडं हरभरा जमिनीतून वर येत असतो आणि रानडुकरांची चैन सुरू होते.

बाबा म्हणाले, तू रात्रभर जागाच असतोस तर घरी कशाला जागतो? जागलीला चल. गेलो. मचाणावर लॅपटॉप, फोनचं हॉटस्पॉट, खाली शेकोटी. वर चढलं की चार काड्यांचं नेटवर्क, घरापेक्षा चांगलं. एक दिवस मीटिंगच्या मधेच धुऱ्यावर खसफस झाली आणि बाबांनी डबा बडवला. पलीकडचे विचारतात, हे काय? म्हटलं, डुकरं हाकलून राहिलो. पुढं प्रत्येक मीटिंगची सुरुवात "आज डुकरं आली का" अशी व्हायची. आमच्याकडं वाघाचीही भीती असते, २०१८ मध्ये त्या अवनी वाघिणीपायी लोक दिवसासुद्धा शेतात जात नव्हते. त्यामुळे हे ऐकायला मजेचं आहे, करू नका.

आता न हसण्याचा भाग. रात्री जागायचं आणि दिवसा झोपायचं, पण दिवसा गाव झोपू देत नाही. पिठाची गिरणी, भोंगा, लग्नसराईत डीजे. तिसऱ्या वर्षी साखर वाढली, तीही बत्तिसाव्या वर्षी. आणि मग एका रात्री पंधरा मिनिटांचा कॉल: तुमचं कंत्राट आजपासून संपलं. नोटीस नाही, पीएफ नाही, काही नाही. मी कर्मचारी नव्हतोच, नुसतं बिल पाठवणारा होतो. आता कमी पगारावर दिवसाची नोकरी करतो. कंत्राटाचा कागद नीट वाचा एवढंच सांगतो.

शून्य_पिंग

सगळे गाव की पुणे एवढंच बोलून राहिले. नागपूर कोणाला दिसत नाही का? मी आर्वीजवळच्या गावात दोन वर्षं काढली, मग नागपूरला आलो. मिहानात (तिथल्या उद्योगनगरीत) नोकऱ्या आहेत, पगार पुण्याएवढा नाही, पण शनिवारी घरी जेवायला जातो.

गावात मला काम कमी नव्हतं, नेटही ठीक होतं. माणसं तर भरपूर. पण माझा कोड वाचून "हे काय गाढवासारखं लिहिलंस" म्हणणारं कोणी नव्हतं. दोन वर्षांत मी जे येत होतं तेच जास्त जोरात करत राहिलो.

वऱ्हाडी_बग

गाढवासारखं म्हननारा पायजे असन तं आमच्या पारावर ये बावा. कोड न वाचताच म्हनतीन.

खतावणी

अकोल्यात सीए आहे. धागाकर्त्यांना दोन प्रश्न. रुजू होऊन नेमके किती महिने झाले? आणि आईचं ऑपरेशन कोणाच्या विम्यावर झालं?

कपाशीवाला

चार वर्षं सात महिने. विमा कंपनीचा, आईबाबा दोघंही त्यात आहेत. दुसऱ्या टोंगळ्याचं डॉक्टरनं दिवाळीनंतर सांगितलं.

खतावणी

मग राजीनाम्याचं नावही काढू नका. निदान आत्ता नाही.

ग्रॅच्युइटीचा मूळ कायदा १९७२ चा, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. सलग पाच वर्षं सेवा झाली की हक्क लागतो. हिशेब असा: शेवटचं मूळ वेतन, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुमचं मूळ वेतन समजा ४०,००० असेल तर पाच वर्षांचे साधारण १,१५,३८५ रुपये. पाच महिन्यांसाठी हे सोडून देणार? मद्रास उच्च न्यायालयानं ४ वर्षं २४० दिवसही धरले होते, पण न्यायालयाच्या भरवशावर कोणी राजीनामा देत नसतो.

दुसरा टोंगळा. कंत्राटावर गेलात की गटविमा संपला. साठीच्या आईची नवीन पॉलिसी काढाल तर आधीच्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. म्हणजे दिवाळीनंतरचं ऑपरेशन तुमच्या खिशातून.

कंत्राटाची चांगली बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल काका एकतर्फी बोलतात. व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायचा, वह्या ठेवायची कटकट नाही. रोखीचा व्यवहार नगण्य असेल तर ७५ लाखांपर्यंत चालते. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांना वर्षाला २० लाख. पण कालचीच कंपनी, कालचंच काम, कालचाच साहेब आणि फक्त कागद बदलला, तर हे खरंच व्यावसायिक उत्पन्न आहे का असा प्रश्न खात्याला पडू शकतो. मालकाचा पीएफ हिस्सा गेला, पगारी रजा गेली, आणि उद्या कर्ज मागायला गेलात तर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागेल. "हातात थोडे जास्त" हे त्यातून वजा करून पाहा.

वऱ्हाडी_बग

काका, एवढ्या सल्ल्याची फी कितीक?

खतावणी

पोळ्याला एक पुरणपोळी. जू नको.

जुनी_पुणेकर

खतावणींनी मुद्द्यावर आणलं. कपाशीवाला, ऑफर लेटर काढा आणि कामाचं ठिकाण काय लिहिलं आहे ते वाचा. मग मॅनेजरला फोन करा, मेल नंतर. "नाही जमणार" म्हणू नका, "महिन्यातून सलग एक आठवडा येतो" म्हणा. मॅनेजरला वर दाखवायला काहीतरी लागतं, ते तुम्ही हातात द्या. आणि त्याच फोनमध्ये लीडचंही बोला. स्वच्छ शब्दांत.

भैताड_नंबर_१

आणि लग्नाचं?

तर्रीपोहे

त्यासाठी दिग्रसचा गाळा अजून रिकामा आहे का ते विचारा.

कपाशीवाला

तीन आठवड्यांनी लिहून राहिलो, माफ करा. तुरीची मळणी होती.

ऑफर लेटरमध्ये ठिकाण पुणे, आणि खाली बारीक अक्षरात "पुढील सूचनेपर्यंत घरून". म्हणजे ती पुढील सूचना आली एवढंच. कायद्यानं भांडायला जागा नव्हती. मॅनेजरला फोन केला. पुणेकर ताईंनी सांगितलं तसंच बोललो, समोर कागदावर लिहून ठेवलं होतं. सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एक आठवडा पुणे, बाकी गाव, हे मेलवर लेखी मिळालं. सप्टेंबरनंतर पुन्हा बोलू म्हणाले. तोवर पाच वर्षं होतात. दुसऱ्या टोंगळ्याचं दिवाळीऐवजी ऑगस्टमध्येच करता येईल का, ते डॉक्टरला विचारतो. खतावणी काका, पोळी पक्की.

लीडचं बोललो. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, तुला हवं आहे हे मला माहीतच नव्हतं. पुढं "बघू" म्हणाला. बघतो आता मीही.

मागचा आठवडा पुण्यात काढला. यवतमाळहून ट्रॅव्हल्सनं रात्रभर बसून सकाळी ऑफिस गाठलं. माझ्या टीममधले फक्त दोघं तिथं बसतात, बाकीचे हैदराबादला, त्यामुळे सगळ्या मीटिंगा हेडफोन लावूनच केल्या. जेवणाच्या टेबलावर मात्र बसलो. पहिल्या दिवशी दीड तास फक्त पुण्याच्या ट्रॅफिकवर बोलले लोक. दुसऱ्या दिवशी मी डुकरांची गोष्ट सांगितली. जागलकरी भाऊ, तुमची आहे हे सांगितलं नाही.

जागलकरी

वापरा वापरा. डबा बडवायचा आवाज काढून दाखवला की नाही?

उंबरठा

आणि चहा?

कपाशीवाला

मीच करतो ताई, चार वाजता, दोघांचाही. आई म्हणते सांडशी कुठं ठेवतोस ते सापडत नाही.